वीस खणांचे कपाट

ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेजचे ग्रंथालय पाहिले असेल, त्यांना ते कपाट नक्की आठवेल. दारातून आत शिरले की समोर उभे असायचे. लहान लहान खणांचे, प्रत्येक खणाला पितळेची मूठ, मुठीच्या वर चौकटीत एक चिठ्ठी : 'अ ते आ', 'क', 'ख ते ग'. खण ओढला की आत पोस्टकार्डाएवढी जाड कार्डे एकामागे एक उभी. पुस्तक शोधायचे तर आधी ह्या कपाटाशी बोलायचे आणि मग मांडणीकडे जायचे.

आम्ही ज्या ग्रंथालयात शिपाई म्हणून नोकरी केली, तिथे अशी तीन कपाटे होती. सागवानाची, काळपट झालेली, कोणत्या साली केली ते सांगणारा माणूस उरला नव्हता. पुस्तकांची यादी संगणकावर गेली आणि कपाटे आधी पॅसेजमध्ये, मग जिन्याखाली गेली. त्यांच्यावर तुटक्या खुर्च्या चढल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये जुन्या सामानाचा लिलाव निघाला. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून मुलांसाठी अभ्यासिका आहे, तिथे दोन हजारांच्या वर पुस्तके आहेत. म्हणून आम्ही रीतसर अर्ज केला, की एक कपाट आम्हाला द्यावे, ठरेल ती किंमत भरू. उत्तर आले, की सामान एकगठ्ठा विकायचे आहे, सुटे देता येत नाही. नियम असेल. पण चौदा वर्षे त्या कपाटांवरची धूळ ज्यांनी पुसली, त्यांना वाईट वाटायचे ते वाटलेच.

सामान उचलायला दोन दिवस होते. आम्ही मामांना फोन केला. मामा म्हणजे मुलीच्या आईचे मामा, वय तेव्हा एकाहत्तर. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात पस्तीस वर्षे सुतारकाम केलेले. डब्यांची दारे, खिडक्यांच्या चौकटी, बाकडी. मामांच्या वडिलांना गावगाड्यात कुणी रंध्याला हात लावू दिला नसता, ते सुताराचे काम. मामा शिकले ते रेल्वेतच. मामी गेल्यापासून त्यांनी हत्यारांची पेटी उघडली नव्हती.

ते दुपारी आले, कपाटाकडे पाच मिनिटे नुसते बघत बसले आणि मग म्हणाले, "कपाट न्यायचं नाही म्हणतात ना? मग मापं नेऊ. मापाला कुणाची बंदी?"

संध्याकाळपर्यंत आम्ही मापे घेतली. मुलगी वहीत लिहीत होती, मामा टेप धरून सांगत होते, आम्ही खण काढून देत होतो. त्यातून जे कळले ते इतकी वर्षे रोज बघूनही आम्हाला कळले नव्हते.

कार्डाच्या मापाचे कपाट

कपाटाचे सगळे माप एका कार्डावरून ठरते. ग्रंथालयाचे कार्ड साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर उंच, म्हणजे पाच बाय तीन इंचाहून केसभर लहान. जगात बहुतेक ठिकाणी हेच माप. त्यामुळे खण आतून सव्वापाच इंच. सुताराच्या भाषेत पाच इंच दोन सूत. (इंचाचे आठ सूत होतात, हे नव्या पिढीसाठी सांगितले.) दोन्ही बाजूंच्या फळ्या तीन-तीन सुताच्या धरल्या, की खण बाहेरून सहा इंच. लांबी सोळा इंच.

दुसरी गोष्ट, खणाच्या बाजूच्या फळ्या मुद्दाम बुटक्या ठेवलेल्या होत्या, अडीच इंचाच्या. आम्हाला वाटे, लाकूड वाचवले असेल. मामांनी खणात बोटे घालून कार्डे चाळल्यासारखे केले आणि म्हणाले, "फळी उंच असती तर बोटं कुठे गेली असती?" मागची फळी मात्र पूर्ण उंचीची होती. खण बराच बाहेर ओढला, तरी ती वर अडते आणि खण तोंडावर झुकत नाही.

तिसरी गोष्ट पितळेची सळई. प्रत्येक कार्डाला खाली मध्यभागी एक भोक असते. मुठीखालून सळई आत घालून मागे अडकवायची, ती सगळ्या कार्डांच्या भोकांतून जाते. वाचकाने कितीही चाळले तरी कार्ड निघत नाही, जागा चुकत नाही. हजारो माणसांचे हात लागूनही क्रम मोडू नये, ह्याची ही व्यवस्था.

ही कल्पना कुणाची, म्हणून मुलीने शोध घेतला. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर चर्चची ग्रंथालये सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा १७९१ साली पुस्तकांच्या याद्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचा हुकूम निघाला होता. जुगाराच्या पत्त्यांचे असे सोने झाले. पुढे अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई ह्या ग्रंथपालाने कार्ड, खण, कपाट ह्या सगळ्यांचे माप एकसारखे असावे म्हणून फार खटपट केली. पुस्तकांना दशांश पद्धतीने क्रमांक देण्याची त्याची योजना १८७६ ची, आजही आपल्याकडे बऱ्याच ग्रंथालयांत तीच चालते. हा ड्यूई १८८३ पासून काही वर्षे न्यूयॉर्कच्या कोलंबियात ग्रंथपाल होता आणि ग्रंथपालांना शिकवणारी पहिली शाळा त्याने तिथेच १८८७ साली काढली. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात पोचले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. त्याच बडोद्यात १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांची घडी बसवायला लावली होती. म्हणजे बाबासाहेब ज्या संस्थानातून निघाले आणि जिथे गेले, त्या दोन्ही ठिकाणी पुस्तक सामान्य माणसाच्या हाती कसे पडेल, ह्याचा विचार करणारी माणसे येऊन गेली होती.

ड्यूईबद्दल आणखी एक सांगायला हवे, नाही तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. पुस्तकांची दारे उघडणाऱ्या ह्याच माणसाने स्वतःच्या क्लबात ज्यू आणि काळ्या लोकांना मज्जाव ठेवला होता. अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघटनेने २०१९ साली आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मामा म्हणाले, "कपाट चांगलं आहे, ते घेऊ. माणूस ठेवू तिकडेच."

कार्डे आता कुणी छापतही नाही. जगभरच्या ग्रंथालयांना कार्डे छापून पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या ओसीएलसी ह्या संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटचा गठ्ठा छापला. तेव्हापासून ही कपाटे अडगळीतून उठून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊ लागली. आमच्या ग्रंथालयातल्या तीनपैकी एक कपाट आम्ही पुढे दुकानात पाहिले. पॉलिश केलेले, काचेमागे. सत्तर हजार.

चाळीचे वासे

जवळच एक जुनी चाळ पाडली जात होती. तिचे वासे एका लाकूडवाल्याने घेतले होते. शंभर वर्षे छप्पर पेललेले सागवान. हे लाकूड पुरते सुकलेले असते, वाकायचे तेवढे वाकून झालेले असते. नव्या सागवानाहून स्वस्तही पडते. अडचण एकच, खिळे. मशिनवाला म्हणाला, "खिळा राहिला तर माझं पातं गेलं, त्याचे पैसे तुम्ही देणार." मामांनी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काढून दोऱ्याला बांधले आणि मुलीला प्रत्येक वाशावरून फिरवायला लावले. चुंबक जिथे ओढला जाईल तिथे खडूची खूण. तीन दिवसांत सव्वाशेच्या वर खिळे निघाले. काही इतके जुने की चौकोनी, लोहाराच्या हातचे. ते मामांनी डब्यात जपून ठेवले.

वासा पाच इंच रुंद, आम्हाला फळी हवी सतरा इंच. म्हणून चार पट्ट्या कडेला कड लावून सरसाने जोडाव्या लागल्या. हल्ली सगळे फेविकॉल वापरतात आणि ते उत्तम आहे, पण मामांचा हट्ट सरसाचाच. जुन्या कपाटात जे होते तेच. पाण्यात भिजवून, डब्यात डबा ठेवून वाफेवर पातळ करायचा. वास असा येतो, की विहारातल्या आज्यांनी पहिल्या दिवशी चौकशी केली.

काम विहाराच्या मागच्या पडवीत चाले. समितीने पंधरा हजार मंजूर केले होते, तेही सहज नाही. एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, की आज मोबाईलमध्ये यादी होते, मग कार्डाचे कपाट कशाला? प्रश्न बरोबर होता. आमचे उत्तर असे होते, की अभ्यासिकेत संगणक नाही, मोबाईल आत आणायला आम्हीच बंदी केली आहे आणि पाचवी-सहावीतले पोर खण ओढून स्वतः पुस्तक शोधते तेव्हा त्याला कुणाला विचारावे लागत नाही. हे सगळ्यांना पटले असे नाही. पण पैसे मंजूर झाले.

सांगाडा आधी. बाहेरून साडेसत्तावीस इंच रुंद, सव्वीस इंच उंच, सतरा इंच खोल. आत चार आडव्या फळ्या आणि तीन उभ्या. दोन्हींना निम्म्यापर्यंत काप घेऊन एकमेकींत बसवायच्या, मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे असतात ना, तसे. त्यातून वीस घरे तयार होतात, एका ओळीत चार, अशा पाच ओळी. प्रत्येक घर सहा इंच एक सूत रुंद, साडेचार इंच उंच. काप सैल झाला तर सांगाडा लुळा, घट्ट झाला तर फळी फुटते. सात फळ्या एकमेकींत सरकल्या त्या दिवशी मामांनी स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना चहा पाजला.

आणि मग खण. एका कपाटाचे काम म्हणजे वीस लहान पेट्यांचे काम, हे आम्हाला तोवर कळले नव्हते. खणाची दर्शनी फळी आणि बाजूची फळी जिथे भेटतात, तिथे डोव्हटेलचा सांधा असतो. पंख्यासारख्या पसरट दातांचा. खण ओढला की सगळा जोर तिथेच येतो आणि दातांचा आकारच असा असतो, की ओढून सांधा निघत नाही. खिळा काही वर्षांनी ढिला होतो, हा होत नाही. एका खणाला असे दोन, म्हणजे चाळीस सांधे.

पहिल्याच सांध्याला मामांचा हात थरथरला. रेघ मारायची पात्याच्या टोकाने, पेन्सिलीची रेघ जाड पडते. ती बारीक रेघ त्यांना दिसेना. चष्मा पुसला, दिवा जवळ घेतला. मग पटाशी खाली ठेवून बाहेर जाऊन बसले. आम्ही काही बोललो नाही. मुलगी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. तिने एका टाकाऊ फळीवर गुण्या लावून रेघा मारल्या आणि त्यांच्यासमोर नेऊन धरल्या. "आजोबा, ह्या बरोबर आहेत का ते सांगा. दिसत नसलं तर बोटाने बघा." त्यांनी नखाने रेघ चाचपली.

त्यानंतर रेघ तिची आणि करवत मामांची. करवतीला हात थरथरत नसे. हे आम्हाला आजही नवलाचे वाटते. पुढे पटाशीही तिच्या हातात गेली. तिने एकटीने केलेला पहिला सांधा असा निघाला, की मधून नखभर फट दिसत होती. तिने तो खण फेकून नवा करते म्हटले. मामांनी फेकू दिला नाही. तो खालच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात बसवला आहे, वाकून पाहिले तर फट आजही दिसते.

खण घरात बसवताना आणखी एक गोष्ट शिकलो, ती घरात लाकडी ड्रॉवर असलेल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते, पण ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. खणाच्या दर्शनी फळीचे तंतू आडवे असतात. म्हणजे ती डावीकडे-उजवीकडे वाढत नाही, वर वाढते. म्हणून डाव्या-उजव्या बाजूला अर्धा-अर्धा सूत फट पुरते, पण वर पूर्ण एक सूत सोडावा लागतो. मुंबईच्या हवेत हे विसरले तर जुलैत खण उघडत नाही. शिवाय हाताने केलेले खण सगळे दिसायला सारखे असले तरी सातव्याचा आठव्याच्या घरात बसत नाही. प्रत्येकाच्या मागे आणि घराच्या आत आकडा घालावा लागतो. जुन्या कपाटातही तसे आकडे होते.

खणाच्या बुडाला, खालच्या अंगाला, मामांनी वर्कशॉपातल्या नंबर पंचाने साल ठोकले. वीसही खणांना. वरून दिसत नाही, खण उलटा केला तरच दिसते.

पॉलिश मात्र पाऊस संपेपर्यंत थांबवले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात द्यायचे असतात. हवेत ओल असेल तर लाख पांढरी पडते. दिवाळीनंतर सुरू केले ते जानेवारीपर्यंत चालले. खण जिथे घासतात तिथे पॉलिश नाही, साधी मेणबत्ती चोळली. पितळेच्या मुठी तयार मिळाल्या. सगळा हिशेब साडेचौदा हजारांवर थांबला. मामांची आणि मुलीची मजुरी त्यात नाही.

छप्पर की कपाट

२०२४ च्या एप्रिलमध्ये एक व्यापारी आला. जुन्या लाकडी वस्तूंचा त्याचा धंदा. कुणाकडून तरी ऐकून आला होता. कपाट पाहिले, खण काढून उलटा केला, साल पाहिले आणि हसला. म्हणाला, पंचेचाळीस हजार देतो. अट एवढीच, की हे वीस तळ बदलायचे, खणांना आतून रंग मारायचा आणि कपाट कुणी केले हे कुठे बोलायचे नाही. पुढचे त्याचा माणूस करणार होता. पोटॅशच्या पाण्याने लाकूड तपकिरी करतात, साखळीने ठोकून कडांना खळगे पाडतात, बारीक सामत्याने किडीची भोके पाडतात. त्याने हे आमच्यासमोर सहज सांगितले. जणू त्यात लपवण्यासारखे काही नव्हते.

(जुनी वस्तू घेणाऱ्यांनी म्हणूनच खण उलटा करून बघावा. खऱ्या जुन्या खणाचे आतले लाकूड कोरेच असते, तिथे कुणी रंग लावीत नाही, आत रंग दिसला की शंका घ्यावी. झीज हात लागतो तिथेच असायला हवी, मुठीपाशी आणि घासणाऱ्या कडेला. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो स्क्रू १९३० नंतरच्या काळातला. किडीची खरी भोके आत वेडीवाकडी जातात, सरळ भोक सामत्याचे.)

आता अडचण सांगतो. अभ्यासिकेचे छप्पर गळत होते. मागच्या पावसाळ्यात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असताना पाणी वाचणाऱ्याच्या खांद्यावर पडले होते. नवे पत्रे, खालचे लोखंड आणि मजुरी मिळून अठ्ठावीस हजार लागणार होते आणि समितीकडे सहा होते. जून दीड महिन्यावर.

बैठक झाली. तीन तास चालली. आम्ही कपाट ठेवण्याच्या बाजूचे, हे उघडच होते. तरुण कार्यकर्त्यांपैकी बरेच विकण्याच्या बाजूचे, आणि त्यांचे म्हणणे पैशाच्या लोभाचे नव्हते. महिला मंडळातल्या एका वहिनींनी तर आम्हाला निरुत्तर केले. "साल खणाच्या बुडाला आहे, पाणी डोक्यावर पडतंय. श्रीमंत माणूस श्रीमंत माणसाला फसवतोय, त्यात आपलं काय जातं? आपली पोरं भिजतात." कुणीतरी म्हणाले, खोटे आपण बोलत नाही, तो बोलणार आहे. त्यावर दुसरे म्हणाले, मग तळ कोण बदलणार? चौथ्या शीलाचाही विषय निघाला आणि त्यावर एक वेगळाच वाद झाला, तो इथे देत नाही.

शेवटी सगळे मामांकडे वळले. ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षं डबे केले. एकाही डब्यावर माझं नाव नाही, असायचं कारणही नाही. पण कुणी मला म्हटलं नाही, की हा डबा तू केला नाहीस असं सांग. हा म्हणतोय. विकायचं तर विका. तळ मी बदलणार नाही आणि पोरीलाही बदलू देणार नाही." थोडे थांबून म्हणाले, "त्याला दुसरं करून देतो. नवं म्हणून. बिलावर नवं लिहून, सालासकट. देईल ते घेऊ."

वहिनी म्हणाल्या, "आणि जूनमध्ये काय करायचं, मामा?"

ह्याला मामांकडे उत्तर नव्हते आणि आमच्याकडेही नव्हते. हात वर झाले. तेवीस विरुद्ध एकोणीस, कपाट ठेवायचे.

व्यापाऱ्याने नव्या कपाटाचे पंचवीस हजार कबूल केले, दहा आगाऊ. त्यातले बरेचसे लाकडातच गेले. २०२४ चा पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. पुस्तके पत्र्याच्या पेट्यांत भरून अकरा घरांत वाटून ठेवली. प्रत्येक घरात किती आणि कोणती, ह्याची नोंद कार्डांवरच केली, त्यामुळे कपाटाचा पहिला खरा उपयोग असा झाला. तरीही एका घरात पाणी शिरले आणि एक पेटी भिजली. सदतीस पुस्तके गेली. त्यांत एक शब्दकोश होता. वहिनींनी त्याबद्दल आम्हाला एकदाही बोलून दाखवले नाही, हे नमूद केले पाहिजे.

दुसरे कपाट २०२५ च्या जानेवारीत गेले. ते लवकर झाले. मुलगी आता कॉलेजला जाते, पण शनिवार-रविवार पटाशी तिचीच असे. उरलेले पैसे, समितीचे सहा हजार आणि दोन जणांचे दान मिळून मार्चमध्ये पत्रे चढले. आता पाणी येत नाही. व्यापाऱ्याने ते कपाट पुढे काय म्हणून विकले, हे आम्ही विचारायला गेलो नाही. बिलाची प्रत मामांच्या पेटीत आहे, त्या चौकोनी खिळ्यांच्या डब्याखाली.

विहारातल्या कपाटात आज सोळा खणांत कार्डे आहेत. अक्षर मुलांचेच, त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, त्या पाहुण्यांनी समजून घ्याव्यात. उरलेल्या चारांत महिला मंडळाने सुया, बटणे, बचत गटाच्या पावत्या आणि प्रथमोपचाराचे सामान ठेवले आहे. समितीला न विचारता ठेवले आणि समितीनेही काही विचारले नाही.

जुलैमध्ये पंधरा नंबरचा खण अडकायला लागला. आम्ही रंधा मारून घ्यावा म्हणून मामांना बोलावले. त्यांनी खण हाताने हलवून पाहिला, वरच्या कडेवर मेणबत्ती घासली आणि म्हणाले, "आत्ता रंधा मारलास तर थंडीत खडखडेल. पाऊस जाऊ दे. तोवर जरा वर उचलून ओढा." तशी चिठ्ठी आम्ही त्या खणावर लावली आहे : 'वर उचलून ओढावे.'